यकृतावरचा वण आणि रक्तातला हिशेब

कावीळ कशी ओळखावी हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावरची वासना गेलेली आणि अंगात त्राण नाही. मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरच्या, घाटाखालच्या मोताळ्यासारख्या गावात घरातली वडीलधारी माणसे ही लक्षणे डॉक्टरच्या आधी सांगून मोकळी होतात. त्यावरचा उपायही महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या ठरून गेलेला आहे. कावीळ उतरवणाऱ्याकडे जायचे आणि काविळीची माळ घालून घ्यायची. माळ वाढत वाढत खाली उतरते आणि तिच्यासंगे कावीळही उतरते, अशी समजूत. आणि गंमत अशी की पुष्कळांची कावीळ खरोखरच उतरते!

मग माळेला नावे कशाला ठेवायची? नावे ठेवण्यासाठी नव्हे, पण कारण समजून घेण्यासाठी थोडे खोलात गेले पाहिजे. दूषित पाण्यातून आणि अन्नातून येणारी कावीळ मुख्यतः दोन विषाणूंची, 'ए' आणि 'ई' यांची. ही कावीळ बहुतेक धडधाकट माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. गरोदर बाईला मात्र 'ई'ची कावीळ जिवावर बेतू शकते, हे विसरता कामा नये. बाकीच्यांच्या बाबतीत शरीर आपले काम करते आणि श्रेय माळेला मिळते.

परंतु काविळीच्या याच घराण्यात दुसरे दोन विषाणू आहेत, 'बी' आणि 'सी'. ते पाण्यातून येत नाहीत. ते रक्तातून येतात, पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुईतून येतात. 'बी' तर शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. या दोघांचा स्वभाव अगदी निराळा. ते पुष्कळदा डोळे पिवळे करीतच नाहीत. मुकाट्याने यकृतात घर करतात आणि वीस-वीस, तीस-तीस वर्षे तिथेच राहतात. माणूस शेतात राबतो, बाजार करतो, पोरांची लग्ने लावतो. आपल्याला काही झाले आहे हे त्याच्या गावीही नसते. कोणी तपासणीत सांगितलेच, तर तो म्हणतो, "मले काहीच होत नाही, मंग मी दवा कायले घेऊ?"

त्याचा हा प्रश्न रास्त आहे. ज्याला दुखत नाही त्याने औषध का घ्यावे? आणि ज्याच्या यकृतात आत बिघाड चालू आहे, त्याला तो बाहेरून कसा कळावा? या प्रश्नाच्या उत्तरासाठी वैद्यकाने शंभराहून अधिक वर्षे खर्ची घातली. त्याचीच ही हकिकत.

प्रथम बिघाड म्हणजे काय ते पाहू. आपल्या हाताला विळा लागला तर जखम भरते आणि वण राहतो. यकृताचेही तसेच. विषाणूशी चाललेल्या झगड्यात यकृताच्या पेशी मरतात, त्या जागी नव्या येतात; पण झगडा वर्षानुवर्षे थांबलाच नाही तर भरून येण्याच्या कामात चिवट तंतू साठू लागतात. यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ कुफर याने 1876 मध्ये त्यांचे वर्णन केले होते, पण वणाचे तंतू विणणाऱ्या प्रमुख पेशी याच, हे समजायला पुढे शंभर वर्षे लागली.

काळ्या रानात जागोजाग आडवे बांध पडत गेले तर काय होईल? पाणी पुढे सरकणार नाही, मागे तुंबेल. आतड्यांकडून आणि प्लीहेकडून येणारे रक्त यकृतातून वाहत पुढे जात असते. वण वाढले की ते रक्त मागे तुंबते, आणि प्लीहा, जिला आपल्याकडे पानथरी म्हणतात, ती फुगते. शेवटी सारे यकृत गाठीगाठींचे आणि कडक होते. त्याला यकृत काठिण्य किंवा सिऱ्होसिस म्हणतात. मग पोटात पाणी होते, रक्ताच्या उलट्या होतात, कधी यकृतात कर्करोग उद्भवतो. रोगी दवाखान्यात येतो तो बहुधा या वेळी. म्हणजे गोष्टीच्या शेवटच्या पानावर. डॉक्टरांना हवे असते मधले पान.

हे मधले पान वाचण्याची पहिली रीत होती सुईची. 1883 साली जर्मनीत पॉल एर्लिख याने यकृतात सुई घालून त्याचा अंश तपासल्याची नोंद आहे. डेन्मार्कमध्ये इव्हर्सन आणि रोहोल्म यांनी 1939 मध्ये काविळीच्या रोग्यांवर ही पद्धत वापरून तिला खरी प्रतिष्ठा दिली. पुढे 1958 मध्ये इटलीतील मेंगिनी याने अशी सुई प्रचारात आणली की यकृतात ती जेमतेम एक सेकंद राहावी. काढलेला धाग्याएवढा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की वण किती हे दिसते. पुढे फ्रान्समधील तज्ज्ञांनी 1990 नंतरच्या दशकात त्याला पाच पायऱ्या दिल्या. शून्य म्हणजे वण नाही, चार म्हणजे काठिण्य.

या सुईचे उपकार महाराष्ट्र तरी विसरू शकत नाही. आपल्याकडे पूर्वी एक ते तीन वर्षांच्या मुलांना यकृताचा एक भयंकर आजार होत असे. पोट फुगायचे, यकृत दगडासारखे लागायचे आणि मूल हाती लागत नसे. एकाच घरात पाठोपाठ दोन-दोन मुले गेलेली. विषाणूपासून आनुवंशिकतेपर्यंत नाना तर्क झाले. शेवटी सुईने काढलेल्या तुकड्यांत तांब्याचे प्रचंड प्रमाण आढळले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आहाराचा माग काढला. 1983 मध्ये त्यांनी दाखवून दिले की तान्ह्या मुलाला लवकर सुरू केलेले वरचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवले, ठेवले जात होते, आणि तांबे त्या दुधात उतरत होते. कल्हई उडालेले पितळेचे पातेले! त्यानंतर भांडी बदलली, स्टील आले, आयांना सांगण्यात आले, आणि हा आजार पुणे भागात विरळ होत गेला.

त्या मुलांच्या यकृताचे कारण विषाणू नव्हते, हे खरे. पण धडा लागू आहे तो असा: वण वेळेवर दिसला आणि कारण सापडले तर पुढचे अरिष्ट टळते.

असे असूनही सुई ही काही गावोगाव नेण्याची वस्तू नाही. तिच्यासाठी कसबी हात हवा, रक्तस्राव झाला तर सांभाळणारे रुग्णालय हवे, तुकडा वाचणारा तज्ज्ञ हवा. दुखते ते निराळेच. शिवाय तो तुकडा म्हणजे यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग. वण सगळीकडे सारखा नसतो. सुई नेमकी बऱ्या जागी गेली तर निष्कर्ष चुकतो. आणि एकाच माणसाला दर वर्षी सुई टोचून घ्या म्हणून कोण सांगणार?

म्हणून शास्त्रज्ञांची नजर रक्ताकडे वळली. त्यातला पहिला मोठा शोध यकृताच्या वाटेने आलाच नाही. न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन हे तिघे हृदयविकाराच्या झटक्याचा अभ्यास करीत होते. 1954 मध्ये त्यांनी दाखवले की हृदयाचा स्नायू मेला की त्यातले एक द्रव्य रक्तात सांडते आणि ते मोजता येते. लवकरच कळले की यकृताच्या पेशी मेल्या तरी तेच द्रव्य वाढते. तेच आपल्या रिपोर्टावरचे 'एसजीओटी'. त्याचा जोडीदार 'एसजीपीटी', तो मुख्यत्वे यकृताचाच. 1957 मध्ये इटलीत दे रितिस याने या दोन आकड्यांच्या प्रमाणावरून काविळीचा प्रकार ओळखता येतो असे मांडले. आजही तालुक्याच्या गावातल्या लॅबच्या कागदावर ही दोन नावे असतात.

पण हे आकडे काय सांगतात, हे नीट ध्यानात घ्या. ते आजची आग सांगतात, आजवर किती जळाले ते सांगत नाहीत. ताज्या काविळीत एसजीपीटी हजारावर जाते आणि तरी यकृतावर वणाचा मागमूस नसतो. उलट, जुनाट 'सी' असलेल्या माणसाचा आकडा जेमतेम वाढलेला, क्वचित अगदी ठीक, आणि आत वण पसरलेला. तेव्हा आगीचा नव्हे, वणाचा आकडा हवा होता.

दरम्यान शत्रूही ओळखीचा झाला. अमेरिकेतील बरूच ब्लूमबर्ग काविळीच्या मागे नव्हताच. निरनिराळ्या लोकसमूहांच्या रक्तातले फरक तो अभ्यासत होता. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्याला एक अनोळखी द्रव्य सापडले. 1965 मध्ये त्याने ते जाहीर केले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कळले की ते 'बी' विषाणूचेच कवच आहे. 1976 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याचा जन्मदिवस, 28 जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. 'सी' सापडला 1989 मध्ये; त्याबद्दलचे नोबेल 2020 मध्ये दिले गेले. म्हणजे आता रक्तात विषाणू आहे की नाही ते कळू लागले. त्याने किती नासधूस केली, हा प्रश्न मात्र उरलाच.

वणाचा आकडा शोधताना संशोधकांनी आधी वणाचीच द्रव्ये रक्तात मोजून पाहिली. 1979 पासून तंतूंच्या जडणघडणीत सुटणारे तुकडे आणि पुढे हायल्युरॉनिक आम्ल यांची मोजणी सुरू झाली. 2001 मध्ये पॅरिसमधील गटाने पाच रक्तद्रव्ये, वय आणि स्त्री-पुरुष भेद एकत्र करून एक गणित बसवले. ते चांगले निघाले, पण द्रव्ये खास, लॅब खास आणि खर्चही खास. 2003 च्या सुमारास फ्रान्समध्येच पोटावर टेकवून यकृताचा कडकपणा मोजणारे यंत्रही आले. तेही उत्तम, पण मोठ्या शहरात.

तेवढ्यात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात वाय, लोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. नवे द्रव्य शोधण्यापेक्षा, रोजच्या रिपोर्टातच उत्तर दडलेले नाही ना? 'सी' असलेल्या रोग्यांच्या साध्या चाचण्या त्यांनी सुईच्या निष्कर्षाशी ताडून पाहिल्या. दोन आकडे पुढे आले: एसजीओटी आणि प्लेटलेट.

प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारे कण. त्यांचा यकृताशी काय संबंध? बांधांची गोष्ट आठवा. रक्त तुंबले, पानथरी फुगली. फुगलेली पानथरी प्लेटलेट अडवून धरते. शिवाय प्लेटलेट तयार करा असा हुकूम देणारे द्रव्य यकृतच बनवते. यकृत थकले की तो हुकूमही क्षीण होतो. म्हणून वण वाढतो तसे प्लेटलेट घटतात. 2003 मध्ये त्यांनी या दोहोंचे जे प्रमाण मांडले, त्याला 'एप्री' म्हणतात. तीन वर्षांनी, 2006 मध्ये, स्टर्लिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यात एसजीपीटी आणि वय यांची भर घालून 'फिब-4' काढले. वय कशाला? वण वर्षानुवर्षे साठतो म्हणून.

हे गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. पाहा ना. समजा एका माणसाचे वय 40, एसजीओटी 80, एसजीपीटी 64 आणि प्लेटलेट एक लाख. प्लेटलेट हजारांत घ्यायचे, म्हणजे 100. वयाला एसजीओटीने गुणा: 3200. एसजीपीटीचे वर्गमूळ 8. त्याला 100 ने गुणा: 800. आता 3200 भागिले 800, उत्तर 4. फिब-4 जर 3.25 च्या वर असेल तर वण दाट असण्याचा संभव मोठा. आता दुसरा माणूस घ्या. वय तेच 40, एसजीओटी 32, एसजीपीटी 36, प्लेटलेट अडीच लाख. वर 1280, खाली 6 गुणिले 250 म्हणजे 1500. उत्तर 0.85. ते 1.45 च्या खाली आहे, म्हणजे दाट वण नसण्याचीच शक्यता अधिक.

एप्री त्याहून सोपे. एसजीओटीला लॅबच्या वरच्या मर्यादेने भागायचे, मग प्लेटलेटने भागून शंभराने गुणायचे. मर्यादा 40 धरली तर पहिल्या माणसाचे एप्री 2 येते, दुसऱ्याचे 0.32. जागतिक आरोग्य संघटनेने 'बी'साठी 2015 मध्ये काठिण्याची रेघ 2 वर आखली होती. पण या रेघेखाली काठिण्य असलेले पुष्कळ रोगी निसटतात असे दिसून आले, म्हणून 2024 मध्ये ती 1 वर आणली, आणि लक्षणीय वणाची रेघ 0.5 वर ठेवली. तेव्हा या रेघा म्हणजे वेदवाक्य नव्हे. अनुभवाने त्या सरकतात.

आणि इथे एक इशारा दिलाच पाहिजे. हा हिशेब ज्याच्या रक्तात 'बी' किंवा 'सी' सापडला आहे, त्याच्यासाठी. पावसाळ्यात डेंगी झाला तर प्लेटलेट कोसळतात. तेव्हा गणित केले तर धडधाकट यकृतालाही वण दिसेल. ताज्या काविळीत एसजीओटी उसळलेले असते, तेव्हाही उत्तर खोटे. दारूनेही एसजीओटी वाढते. अगदी तरुण माणसात आणि साठी-पासष्टी ओलांडलेल्यांत वयाचा आकडा तोल बिघडवतो. शिवाय 1.45 आणि 3.25 यांच्या मध्ये पुष्कळ जण पडतात. त्यांच्याबद्दल हे गणित मौन पाळते. त्यांना यंत्राकडे, क्वचित सुईकडे, पाठवावे लागते. म्हणजे गणिताने सुई संपवली नाही. कोणाला पुढे पाठवायचे आणि कोणाला बिनघोर घरी, ही निवड तेवढी सोपी केली. आणि अंतिम निर्णय डॉक्टरचाच. कागद-पेन्सिल घेऊन आपणच आपले निदान करू नये.

तुम्ही विचाराल, वण कळला तरी काय करायचे? फार वर्षे समज असा होता की यकृतावरचा वण म्हणजे दगडावरची रेघ. तो समज मोडला. 'बी'वर टेनोफोव्हिर नावाची गोळी आहे. ती पाच वर्षे घेणाऱ्या रोग्यांच्या यकृताची सुईने आधी आणि नंतर तपासणी झाली. तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. आरंभी काठिण्य असलेले 96 रोगी होते. पाच वर्षांनी त्यांपैकी 71 जणांच्या यकृतात काठिण्य उरले नव्हते! 'सी'ची तर गोष्टच निराळी. 2013 नंतर आलेल्या गोळ्यांनी बारा आठवड्यांत बहुतेक रोग्यांच्या शरीरातून तो विषाणूच नाहीसा होतो. पण काठिण्य आहे की नाही यावर औषधांची निवड, मुदत आणि पुढची देखरेख ठरते. काठिण्य असलेल्याने 'सी' गेल्यावरही कर्करोगासाठी ठराविक काळाने तपासत राहावे लागते. म्हणून तो हिशेब औषधाआधी हवा.

आपल्या सरकारने 28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात 'बी' आणि 'सी'ची तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि वण ओळखण्यासाठी हीच साधी गणिते वापरली जातात. मोताळ्याच्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की त्याच्या दंडातून काढलेल्या रक्ताच्या एकाच नमुन्यावरून, जी मोजणी एरवीही होतेच, त्याच्या यकृताचे मधले पान पुष्कळसे वाचता येते. त्यासाठी पहिल्याच दिवशी मुंबईची गाडी धरावी लागत नाही.

अर्थात वण पडूच नये हे सर्वांत बरे. 2009 साली गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्याच सुया पुन्हा वापरल्याने 'बी'ची मोठी साथ आली आणि कितीतरी माणसे दगावली. आपल्याकडेही गोळीपेक्षा इंजेक्शनवर भरवसा अधिक. तेव्हा सुई नवी आहे ना, पाकीट आपल्यासमोर फोडले ना, हे विचारायला लाजू नका. रक्तपेढ्यांत 'सी'ची तपासणी 2001 पासून सक्तीची आहे. त्याआधी ज्यांना रक्त चढवले गेले, त्यांनी एकदा तपासून घ्यावे. घरात कोणाला 'बी' असेल तर बाकीच्यांनीही तपासावे. आणि बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत 'बी'ची लस टोचून घ्यावी. आपल्या देशात ही लस 2002-03 पासून काही भागांत आणि 2011 पासून सर्वत्र नियमित लसीकरणात आहे. ही घाई एवढ्यासाठी की जन्मतः लागण झालेल्या 100 बाळांपैकी सुमारे 90 जणांत 'बी' कायमचा मुक्काम ठोकतो. धडधाकट प्रौढांत हेच प्रमाण 100 त 5 हूनही कमी.

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. "मले काहीच होत नाही, मंग मी दवा कायले घेऊ?" त्याला उत्तर असे द्यावे: बाबा, सरसकट सगळ्यांनी दवा घ्यावी असे कोणी म्हणत नाही. 'बी' असलेल्या काहींना नुसती देखरेख पुरते, काहींना गोळी लागते. यातला तू कोण, हे तुझ्या पोटाच्या दुखण्यावरून ठरणार नाही, कारण यकृत दुखून सांगत नाही. ते डॉक्टर ठरवतील: विषाणूच्या मोजणीवरून, तुझ्या वयावरून आणि रिपोर्टातल्या तीन आकड्यांवरून. तेवढा कागद घेऊन जा, आणि "साहेब, माझ्या यकृताचा हिशेब मांडता का?" एवढे विचार. आणि उत्तर चांगले आले तरी तो कागद जपून ठेव, कारण पुढच्या वर्षीचा आकडा याच्याशीच ताडून पाहायचा आहे.